पानावरची ओल

श्रावणातली एखादी सकाळ निवडा. पाऊस रात्रीच थांबलेला, आभाळ थोडं उघडलेलं आणि ऊन अजून कंपाउंडच्या भिंतीपलीकडे असावं. चपला पायरीवर काढा आणि अनवाणी लॉनवर या. हातात फवारणीचा पंप नको, खुरपं नको, मोबाइलही नको. आठवडाभर डोळ्यांत सलणाऱ्या त्या करपलेल्या डागाच्या काठाशी जाऊन बसा. उकिडवं बसवत नसेल तर पाट घ्या. आज काही करायचं नाही, नुसतं बघायचं आहे.

आधी सगळा डाग नजरेत घ्या. साधारण गोल आहे का? वीतभर आहे की हातभर? मधलं गवत मेल्यासारखं पिंगट दिसेल, पण वाकून पाहिलंत तर त्यातही एखाददुसरा हिरवा कोंब सापडेल. आता नजर सावकाश काठाकडे आणा. पिंगट जिथे संपतं आणि हिरवं जिथे सुरू होतं, तिथे बोटभर रुंदीची एक राखट, धुरकट कड दिसते का? ऊन चढलं की ही कड दिसेनाशी होते, म्हणून इतक्या लवकर यायचं. बुरशी आत्ता या कडेवर आहे. मधल्या भागातलं तिचं काम आटोपलं आहे, ती बाहेरच्या बाजूला सरकते आहे. आपली नजर नेहमी मधल्या मेलेल्या गवतावर जाते आणि औषधही तिथेच पडतं. तुम्ही कडेवर थांबा.

कडेवरचं एक पातं चिमटीत धरून अलगद ओढा. फारसा जोर न लावता ते हातात येईल. त्याचं बूड बघा. पानाचं आवरण जिथे खोडाला बिलगतं तिथे ते मऊ, काळपट झालेलं असेल. नाकाशी धरलंत तर कुजकट वास येईल. घरात भिंग असेल तर बुडाशी भुरकट तंतूही दिसतील. टोक मात्र कदाचित अजून हिरवं असेल. रोग बुडाशी आहे, हे बोटांना कळू द्या. पुढे उपाय निवडताना ते कामाला येईल.

या बुरशीचं नाव ऱ्हायझोक्टोनिया सोलानी. युलियस क्यून या जर्मन शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये बटाट्यावर ती पाहून तिचं वर्णन केलं. मुळशी-भोरच्या भातखाचरांत पर्णकोष करपा पडतो, तोही हिचाच. ती बियांसारखे बीजाणू उडवत फिरत नाही. मातीत आणि वाळक्या काड्यांत एक-दोन मिलिमीटरच्या तपकिरी गाठी करून राहते, आणि तशी वर्षानुवर्षं राहू शकते. म्हणजे पुण्याच्या आसपास तुमचं घर बांधलं जाण्याआधी, ही जमीन शेत होती तेव्हाही, ती इथे असण्याचा संभव आहे. मे महिन्यात हीच हिरवळ बघून पाहुण्यांनी कौतुक केलं होतं, तेव्हाही ती याच मातीत होती.

एवढी एकच गोष्ट थोडा वेळ मनात राहू द्या. ती इथेच होती. ती आज आली नाही.

हे नीट मनात उतरलं की प्रश्न आपोआप बदलतो. तिला मारायचं कसं, हा प्रश्न मागे पडतो. या महिन्यात तिला असं काय मिळालं, जे मे महिन्यात मिळत नव्हतं, हा प्रश्न समोर येतो.

डागावरून नजर काढून शेजारच्या निरोगी गवताकडे वळा. एकच पातं निवडा. त्याच्या अंगावर बारीक दव पसरलेलं असेल आणि अगदी टोकाशी एक टपोरा थेंब असेल. दव हवेतून बसलं आहे. टोकाचा थेंब गवताच्या आतून आला आहे. रात्री पानांची रंध्रं मिटलेली असतात, मुळं मात्र पाणी घेत राहतात, आणि त्यांच्या दाबाने ते पाणी वर चढून पात्याच्या टोकाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर येतं. याला बिंदुस्राव म्हणतात. या पाण्यात थोडी साखर असते, थोडी अमिनो आम्लंही असतात. पाणी आणि शिदोरी बुरशीला एकाच जागी मिळते. थेंबाकडे बघत राहा. त्यात आभाळ उलटं दिसतं. गवत रात्रभर जिवंत होतं, काम करत होतं, याची ती खूण आहे. आणि तोच थेंब फार वेळ तिथे राहिला तर त्याच गवताला घातक ठरतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्ही एकदम मनात धरून बसा.

आता डोळे मिटा. त्या एका पात्याची कालची रात्र पहिल्यापासून आठवून बघू.

संध्याकाळचे सहा. दिवसभर उघडीप होती म्हणून घरातल्या कुणीतरी पाइप लावून हिरवळीवर पाणी मारलं. मातीचा वास सुटला, अंगण गार झालं, सगळ्यांना बरं वाटलं. पातं ओलं झालं. साडेसात वाजले, अंधार पडला, वारा थांबला. आता हे पाणी वाळायला ना ऊन आहे ना वारा. नऊ वाजता घरात ताटं मांडली गेली, तेव्हा पात्यावर पाणी तसंच होतं. मध्यरात्री हवा बावीस-तेवीस अंशांवर होती. पुण्यातल्या जुलै-ऑगस्टच्या रात्री अशाच असतात, आपल्याला पांघरूण घ्यावंसं वाटेल इतक्या. बुरशीला मात्र ही ऊब पुरेशी आहे. बुडाशी तंतू पसरू लागले, शेजारच्या पात्याला टेकले, त्याच्या आवरणात शिरले. पहाटे दव पडलं. मग टोकाशी थेंब आला. सात वाजले, आठ वाजले, भिंतीची सावली हटली नाही. नऊच्या सुमाराला ऊन पोचलं आणि पातं वाळायला लागलं.

संध्याकाळचे सहा ते सकाळचे नऊ, पंधरा तास. ही बुरशी भडकायला साधारण २० अंशांच्या वरची रात्र आणि सलग दहा-बारा तास ओलं पान लागतं. तिला हवं होतं त्याहून जास्तच मिळालं.

डोळे मिटलेलेच ठेवा. तीच रात्र पुन्हा एकदा, फक्त एक बदल करून. संध्याकाळी कुणी पाणी दिलं नाही. पातं कोरडंच अंधारात शिरलं. नऊ वाजता कोरडं होतं, अकरालाही जवळजवळ कोरडंच. मध्यरात्रीनंतर हळूहळू दव बसलं. पहाटे पाचला पाणी दिलं. पान तेव्हा दवाने भिजलेलंच होतं, म्हणून या पाण्याने ओलीचे तास वाढले नाहीत. उलट टोकाचा साखरेचा थेंब धुऊन गेला. आठ-नऊ वाजता पान वाळलं. पाणी तेवढंच होतं, गवत तेच, बुरशी तीच. ओल मात्र निम्म्यावर आली.

डोळे उघडा.

माझ्या मते घरच्या हिरवळीसाठी याहून मोठा सेंद्रिय उपाय नाही. तो बाटलीत भरून विकता येत नाही, त्यामुळे त्याची जाहिरात कुणी करत नाही. पान ओलं असेल तेव्हाच पाणी द्यायचं. द्यायचं तेव्हा भरपूर द्यायचं, मुळांपर्यंत जाईल इतकं, आणि मग माती वरून कोरडी दिसेपर्यंत थांबायचं. स्प्रिंकलरला टायमर असेल तर आजच जाऊन तो बघा. पावसाळ्यातही तो रोज संध्याकाळी इमानाने चालू होत असतो, आणि घरात कुणाच्या ते लक्षात नसतं.

पण पावसाची संततधार लागली तर? पाऊस आपल्याला विचारून पडत नाही. दव तरी मोडता येतं. सुताची किंवा काथ्याची लांब दोरी घ्या. दोघांनी दोन टोकं धरा आणि दोरी गवतावर टेकवून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत संथ चालत जा. गोल्फच्या मैदानांवर हेच काम लांब, लवचिक बांबूने करतात. तिथल्या हिरवळीवर रुपयाएवढे डाग पाडणारा डॉलर स्पॉट नावाचा रोग नुसतं दव झाडल्याने कमी होतो, हे अनेक वर्षांच्या अनुभवातून आणि प्रयोगांतून पक्कं झालं आहे. दोरी पुढे सरकते तसे मागे थेंब खाली झडत जातात. चंदेरी दिसणारं गवत दोरीमागे गडद हिरवं होत जातं, आणि त्या दोन रंगांमधली रेघ तुमच्याबरोबर चालत राहते. घाई करू नका. समोरच्या माणसाच्या पावलाशी पाऊल जुळवा. घरात लहान मूल असेल तर दुसरं टोक त्याच्या हातात द्या. हे काम त्याला नक्की आवडेल. फक्त डागाच्या जागेवरून दोरी शेवटी न्या, आणि नंतर ती उन्हात वाळत घाला, म्हणजे आजारी गवताचे तंतू निरोगी गवतात जाणार नाहीत.

गवत कापण्याबद्दल थोडक्यात. ओलं गवत कापायचं नाही, माळीकाका कितीही घाईत असले तरी. पावसाळ्यात मशिनची पाती एक घर वर घ्यायची आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. कापल्यावर एक पातं उचलून त्याचं टोक बघा. स्वच्छ तुटलं असेल तर पात्याला धार आहे. पांढरट, चिंध्या झाल्यासारखं दिसत असेल तर मशिन गवत कापत नाही, ओरबाडते. प्रत्येक ओरबाडलेलं टोक ही उघडी जखम आहे. रोग असेपर्यंत कापलेलं गवत गोळा करून बाहेर काढा आणि डागाचा भाग सगळ्यात शेवटी कापा.

आता जागा बदला. डागापासून उठा आणि हिरवळीवर एक संथ फेरी मारा, कारण प्रत्येक पिवळा डाग एकाच दुखण्याचा नसतो. इथे खरोखर सावकाश चालावं लागतं. दोन डाग दिसायला सख्ख्या भावंडांसारखे असतात आणि त्यांची कारणं नेमकी उलटी असतात. मघाची ऱ्हायझोक्टोनिया पोसते ती लुसलुशीत, नत्राने फुगलेल्या गवतावर. हिरवळ हिरवीगार दिसावी म्हणून पावसात मूठमूठ युरिया फेकला की तिचं फावतं. पण रुपयाएवढे, वाळक्या काडीच्या रंगाचे सुटे डाग असतील आणि पात्यावर मध्येच लालसर कडेचा फिकट पट्टा दिसत असेल, तर तो डॉलर स्पॉट. तो उपाशी गवतावर येतो. पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना नारिंगी भुकटी लागली तर तो तांबेरा, आणि तोही बहुधा भुकेल्या, वाढ खुंटलेल्या गवताचाच रोग आहे. म्हणजे एका डागाला खत बंद करायचं आणि दुसऱ्याला थोडं द्यायचं. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून उपाय उचलला तर निम्म्या वेळा तो उलटाच पडणार. गवताला भूक आहे की अजीर्ण, हे ठरेपर्यंत हात मागे बांधून चाला.

भुकेल्या हिरवळीला चाळलेलं गांडूळखत किंवा थोडी निंबोळी पेंड पुरते. पेंडीतलं नत्र सावकाश सुटतं, गवत एकदम फुगत नाही.

काही डाग बुरशीचे नसतातच. कडा गडद हिरवी आणि मधोमध जळलेलं असेल तर घरातल्या किंवा गल्लीतल्या कुत्र्याची ती रोजची जागा असेल. गवत मुठीत धरून उचललं आणि मुळांशिवाय सतरंजीसारखं वर आलं, तर खाली हुमणीच्या पांढऱ्या, वेटोळं केलेल्या अळ्या सापडतील. आणि गंमत अशी की हुमणीवरचा सेंद्रिय उपाय म्हणून ऊस उत्पादक जे मेटारायझियम जमिनीत घालतात, तीही एक बुरशीच आहे. पात्यांवर राखेसारखे बारीक दाणे बसलेले दिसले तर घाबरू नका. ती चिकटबुरशी, गवत खात नाही, पाण्याच्या फवाऱ्याने निघून जाते. पावसानंतर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या तर त्या खालचं जुनं लाकूड किंवा मूळ कुजवत असतात. गवताशी त्यांचं वैर नसतं. लहान मुलं अंगणात खेळत असतील तर त्या उपटून टाका, कारण हिरवळीवर येणाऱ्या छत्र्यांत विषारी जातीही असतात. कुठलीही छत्री खाण्याची समजू नका.

एका डागाची मात्र वाट बघू नका. सखल जागी, पाणी साचतं तिथे, गवत तेलकट, काळपट होऊन एका रात्रीत आडवं पडलं आणि त्यावर कापसासारखी बुरशी दिसली, तर तो पिथियम. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने ती बुरशी नाही, शेवाळांना जवळची आहे, आणि पाण्याबरोबर वाहत जाते. तिथे मनन नको, कुदळ घ्या. चर काढून साचलेलं पाणी बाहेर वळवा, आणि तो भाग वाळेपर्यंत त्यावरून कुणी चालू नका.

फेरी संपली की सुऱ्याने किंवा खुरप्याने हिरवळीच्या कडेला वीतभर खोल असा एक चौकोनी तुकडा कापून बाहेर काढा. तो मांडीवर घ्या, कपडे मळले तरी चालतील. वरपासून खालपर्यंत बघा. सगळ्यात वर हिरवी पाती. त्याखाली वाळक्या काड्यांचा, मुळांचा पिंगट थर. हा थर बोटाच्या पेरापेक्षा जाड असेल तर बुरशीला तिथे वर्षभराचं घर आहे. त्याखाली लॉनच्या गादीबरोबर आलेली लाल माती. तिच्याखाली काळी माती, नाहीतर मुरूम, आणि पुष्कळ बंगल्यांत बांधकामाच्या विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा. लाल आणि काळ्या मातीच्या मधली रेघ बोटाने चाचपा. चिकण माती आणि तिच्याखालची वेगळी माती यांच्या सीमेवर पाणी अडतं. गवताची मुळं त्या रेघेवर आडवी वळलेली दिसली तर समजा, ती खाली जायला घाबरली आहेत.

वास घ्या. आंबट, कुजका वास आला तर तिथे हवा पोचत नाही. पहिल्या पावसाचा असतो तसा वास आला तर ती चांगली खूण आहे. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि ते मातीतले स्ट्रेप्टोमायसीस गटाचे जिवाणू तयार करतात. याच गटातले अनेक जिवाणू बुरशीला रोखणारी द्रव्यंही तयार करतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळवलं. त्या जिवाणूचं शास्त्रीय नावच स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. तुमच्या मांडीवरच्या तुकड्यात त्याची कितीतरी भावंडं असतील. बुरशीला आवर घालणारं सैन्य बाहेरून आणण्याआधी, जे आधीच इथे आहे त्याला हवा मिळते का, हे बघितलं पाहिजे. पंज्याने वाळका थर विंचरून काढा. फोर्कने वीत-वीत अंतरावर टोचे मारा, खोलवर, आणि काढताना थोडा हलवा. ही दोन्ही कामं उघडीप बघून आणि गवत जोमात असताना करायची. आजारी डागावर पंजा फिरवू नका.

मग खताचं काम. चांगलं कुजलेलं, काळं, भुसभुशीत शेणखत घ्या आणि चाळून घ्या. २५ किलो खताला पाव किलो ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळा. कृषी विद्यापीठांच्या विक्री केंद्रांत आणि कृषी सेवा केंद्रांत ती मिळते. पाकिटावरची तारीख बघून घ्या, कारण ती जिवंत वस्तू आहे. ढीग सावलीत करा, मुठीत दाबला तर गोळा होईल पण पाणी निथळणार नाही इतका ओलसर ठेवा, वर ओलं गोणपाट टाका आणि पंधरवडाभर राहू द्या. मधूनमधून गोणपाट उचलून बघत जा. आधी पांढरी साय धरते, मग तिच्यावर हिरवट भुकटी येते. सवयीने आपण अशा गोष्टीला ‘बुरशी लागली’ म्हणून फेकून देतो. इथे ती मुद्दाम वाढवायची असते. रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये दाखवून दिलं की ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरश्यांवर जगते, आणि त्यांच्या प्रयोगातली दुसरी बुरशी ऱ्हायझोक्टोनियाच होती. ट्रायकोडर्माचा तंतू तिच्या तंतूभोवती वेढे घालतो, तिची भिंत विरघळवणारी विकरं सोडतो आणि आतलं अन्न घेतो. हे सगळं मातीच्या अंधारात, आपल्याला न दिसता घडतं. गोणपाटाखालच्या त्या हिरव्या भुकटीकडे बघताना हे आठवून बघा.

तयार खत अर्धा सेंटिमीटर जाडीने हिरवळीवर पसरा. १०० चौरस फुटांना तीन-चार घमेली पुरतात. खराट्याने हलकेच झाडा, म्हणजे पात्यांवर न राहता ते खाली मातीला टेकेल. ढगाळ दिवस निवडा. कडक ऊन ट्रायकोडर्माला सोसत नाही, आणि तिच्या जोडीने रासायनिक बुरशीनाशक टाकलं तर ते तिलाच मारतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला असाच कंपोस्टचा पातळ थर देऊन डॉलर स्पॉट कमी झाल्याचं दिसलं होतं. सगळी कंपोस्ट सारखी चालली नव्हती, हेही त्याच प्रयोगात दिसलं. म्हणून एवढं सांगणं भाग आहे: ऐन भडकलेल्या डागावर एकदा खत टाकून चार दिवसांत चमत्कार होणार नाही. हे काम वर्षातून दोनदा, गवत निरोगी असताना करत राहायचं आहे.

घरगुती उपायांबद्दल लोक फार विचारतात. आंबट ताकाची फवारणी वेलभाज्यांवरच्या भुरीला करतात. भुरी पानाच्या पृष्ठभागावर बसते. आपला रोग कुठे होता, मघाशी बोटांनी बघितलंच आहे. तो बुडाशी होता, काड्यांच्या थराखाली. तिथे ताक पोचत नाही, आणि पोचलं तरी ओल वाढवतं. खायच्या सोड्याला मी स्पष्ट नाही म्हणेन. त्यातला सोडियम मातीत साठतो. काळ्या मातीत सोडियम वाढला की जमीन चोपण होते, घट्ट होते, पाणी मुरत नाही, हे सांगली-सोलापूरच्या बागायतदारांनी फार मोठी किंमत देऊन अनुभवलं आहे. पाणी मुरलं नाही की वर ओल राहते, म्हणजे औषधानेच रोगाला घर बांधून द्यायचं. बोर्डो मिश्रण द्राक्षबागांत शतकाहून अधिक काळ वापरात आहे आणि सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालतं. पण तांबं मातीत विघटत नाही, साठत जातं आणि गांडुळांना बाधतं. ज्या हिरवळीवर साळुंक्या किडे टिपत फिरतात, मुलं लोळतात आणि भाद्रपदात गणपतीसाठी दूर्वा खुडल्या जातात, तिथे मला तांबं नको वाटतं.

आता डागाच्या कडेवर चार काड्या रोवा, चार दिशांना, अगदी धुरकट रेघेवर. आठ दिवस रोज सकाळी एवढंच बघायचं, कड काडीच्या पुढे गेली की नाही. गेली नसेल तर पाण्याची बदललेली वेळ लागू पडली आहे. मग हळूहळू बाहेरच्या हरळीची धावती खोडं डागात शिरताना दिसतील. एक खोड बोटाने अलगद उचला. प्रत्येक पेराशी खाली पांढरी मुळी आणि वर कोवळा कोंब असतो. एक पेर मातीला टेकतं, रुजतं, मग पुढचं. हरळीला हे कुणी शिकवावं लागत नाही. तिला वर उजेड आणि खाली हवा हवी असते, आणि मधल्या काळात आपण तिच्यावर युरिया फेकायचा नसतो.

शेवटची जागा राहिली. बहुतेक अंगणांत एक कोपरा असा असतो की जिथे डाग दरवर्षी येतो, काहीही केलं तरी. तिथे जाऊन उभे राहा आणि वर बघा. आंब्याची फांदी असेल, शेजारच्या इमारतीची भिंत असेल. दिवसाला किती तास ऊन पडतं ते एका रविवारी नोंदवा. हरळीच्या जातींना सहा तासांच्या आसपास ऊन लागतं. दोन-तीन तासच मिळत असेल तर तिथे रोग हा गवताचा दोष नाही. माझं मत विचाराल तर अशा कोपऱ्यातली हिरवळ सोडून द्यावी. तिथे सोनटक्का लावा, अळू लावा, त्यांना सावली आणि ओल दोन्ही चालते. हिरवळ तेवढीच राखा जेवढ्या जागेवर ऊन येतं.

आणि फांदी छाटून ऊन मिळण्यासारखं असेल, तर ते काम आत्ता भर पावसात करू नका. ओल्या हवेत झाडाची ती जखम लवकर भरत नाही आणि तिथूनच बुरशी लाकडात शिरते. पाऊस संपून हवा कोरडी झाली की, दिवाळीनंतर, माणूस बोलवा.